ग्रिल्ड चिकनवर चीज नेमकं कधी घालायचं?

नमस्कार मंडळी! ग्रिल्ड चिकन म्हटलं की आदल्या रात्रीपासून मुरवत ठेवायचं, हे आधी डोक्यातून काढून टाका. अर्धा तास पुरतो. लसूण, मिरपूड, तिखट यांची चव मांसात जेमतेम काही मिलिमीटर शिरते, मग तुम्ही कितीही वेळ ठेवा. खरं आतपर्यंत मुरतं ते मीठ. लिंबू तर रात्रभर ठेवलंत की वरचा थर गिळगिळीत होतो. म्हणून मी दही घेते, ते सौम्य असतं.

वाचलेला वेळ जाडीवर खर्च करा. (कॅमेरा खाली, बोर्डवर.) हा ब्रेस्टचा तुकडा बघा. इकडे फुगलेला, टोकाला अगदी पातळ. असाच टाकला तर टोक वातड होणार आणि मध्ये कच्चं राहणार. प्लास्टिकखाली ठेवून लाटण्याने हलकेच ठोका, सगळीकडे साधारण दीड सेंटीमीटर. आणि हो, नळाखाली धुऊ नका. धुतल्याने जंतू मरत नाहीत, फक्त सिंकभर उडतात.

दोन तुकड्यांना दोन मोठे चमचे दही, चमचाभर तेल, ठेचलेला लसूण, मीठ, मिरपूड, तिखट. बस्स. मध किंवा साखर नको, चिकन शिजायच्या आत करपते.

आता ग्रिल पॅन चांगला तापू द्या. तुकड्यावरचं जास्तीचं दही निपटून काढा, नाहीतर भाजण्याऐवजी ते वाफेवरच शिजत बसेल. ठेवलं... आला आवाज? आता हात लावायचा नाही. चिकटलंय असं वाटलं तरी उचकटू नका, खालची बाजू नीट भाजली की ते आपसूक सुटतं. चारेक मिनिटांनी उलटा, मग आच थोडी कमी करून आणखी तीन-चार मिनिटं. आतलं तापमान 74 अंश सेल्सिअस झालं की शिजलं. थर्मामीटर नसेल तर सगळ्यात जाड जागी चीर देऊन बघा. आत गुलाबी नको, रस स्वच्छ हवा.

आणि चीज? ते इथे, शेवटच्या मिनिटाला. चीजला फक्त वितळायचंय, शिजायचं नाहीये. जास्त वेळ आचेवर राहिलं की त्यातली प्रथिनं आक्रसतात, तेल वेगळं होतं आणि उरतो तो रबर. घातलं की झाकण ठेवा, वाफ वरून काम करते. (क्लोज-अप.) बघा, कडा ढिल्या पडल्या, एक ओघळ खाली पॅनवर उतरला आणि तिथे तांबूस जाळी धरली. ती जाळी मी कुणाला देत नाही!

कुठलं चीज? तार हवी तर मोझरेला, चव हवी तर चेडर. मी दोन्ही मिसळते. खूप मुरलेलं चेडर मात्र लवकर तेल सोडतं. तयार किसलेल्या पाकिटात चीज चिकटू नये म्हणून बऱ्याचदा स्टार्च असतो, त्यामुळे ते तितकं एकजीव वितळत नाही. घरी किसा, दोन मिनिटांचं काम आहे.

वाडग्यात उरलेलं दही सॉस म्हणून वरून ओतू नका, त्यात कच्च्या चिकनचं पाणी आहे. नीट उकळून घ्या, नाहीतर सरळ फेकून द्या. चिकन चार-पाच मिनिटं तसंच राहू द्या आणि मग धाग्यांना आडवं कापा. तुम्ही कुठलं चीज वापरता, ते खाली नक्की लिहा!