तारेखालचं रान

(काळी स्क्रीन. फक्त वाऱ्याचा आवाज. मग तारेवरचा माणूस, लांबून, झूम नको.)

हा माणूस विजेच्या मोठ्या टॉवरलाइनच्या तारांवर, जमिनीपासनं दहा-बारा मजले वर बसलाय. बुडाखाली लोखंडी ट्रॉली, लाइनवरची पोरं तिला सायकलच म्हणतात. दोन तारांवर चार चाकं, आणि हातानं तार मागं ढकलत पुढं सरकायचं. थोडं गेलं की थांबतो, पिशवीतनं स्पेसर काढतो, दोन तारांच्या मधे बसवतो, बोल्ट आवळतो, की पुढं. झारखंडचा आहे. खाली आल्यावर विचारलं, भीती वाटत नाही का रे खाली बघताना, तर हसला आणि हिंदीत म्हणाला, खाली काय, शेतच तर आहे.

(कॅमेरा हळूहळू खाली. ज्वारी.)

तर हे ते शेत. सोलापूर जिल्हा, मंगळवेढ्याच्या बाजूचं रान. ज्वारीचं कोठार म्हणतात ह्या भागाला, इथल्या मालदांडी ज्वारीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन पण आहे. माती बघा, हातात घेतली तर लोण्यासारखी, वाळली की भेगांत अख्खा हात जाईल अशी. पावसाळ्यात ही माती पाणी पिऊन घेते आणि नंतर चार महिने ज्वारी त्याच ओलीवर येते, वरनं पाऊस नाही पडला तरी. रानाचे मालक, त्यांना आपण दादा म्हणू, नाव नको म्हणाले कारण मोबदल्याची फाइल अजून चालू आहे.

सोलापूर जिल्ह्याला तारा नवीन नाहीत. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर ही 765 केव्हीची, म्हणजे 765 हजार व्होल्टची लाइन चालू झाली आणि दक्षिणेची ग्रिड, म्हणजे विजेच्या लाइनचं जाळं, उरलेल्या देशाच्या ग्रिडला जोडली गेली, तेव्हापासनं अख्ख्या देशाची वीज एका ठेक्यात चालते. मोठी गोष्ट आहे, त्याबद्दल वाद नाही. दादांच्या रानातली लाइन त्या मानानं लहान, 400 केव्ही, डबल सर्किट, म्हणजे एकाच टॉवरवर दोन लाइनी.

(खुंट्यांचा शॉट. लाल रंग लावलेली खुंटी, बाजूला शेळी.)

सुरुवात ह्या खुंटीपासनं झाली. दोन पोरं आली, एकाच्या खांद्यावर तिवई, दुसऱ्याच्या हातात जीपीएस आणि रंगाचा डबा. बांधावर गाडी लावली, रानात शिरली, खुंट्या मारल्या आणि गेली. दादांना वाटलं रस्त्याची मोजणी असेल. लाइनचा रस्ता त्याच्या कितीतरी आधी ऑफिसात ठरलेला असतो, नकाशावर दोन-तीन पर्याय काढतात, गाव टाळायचं, जंगल टाळायचं, विमानतळ टाळायचा, आणि होईल तितकं सरळ जायचं, कारण लाइन वळली की त्या वळणावरचा टॉवर जाड लागतो, लोखंड वाढतं, पैसा वाढतो. आता हे सगळं टाळून सरळ जायचं म्हणल्यावर उरतं काय, तर हेच, बांधाला बांध लागलेलं रान.

आणि इथं एक गोष्ट नीट समजून घ्या कारण गावोगावी ह्यावरच गोंधळ होतो. टॉवरसाठी जमीन घेत नाहीत. भूसंपादन नाही, खरेदीखत नाही, सातबारावर नाव तुमचंच राहतं. घेतात तो फक्त वापराचा हक्क. आणि हा हक्क येतो कुठनं, तर 1885 च्या तार कायद्यातनं. तार म्हणजे टेलिग्राम, कडकट्ट वाली. इंग्रजांना तारेचे खांब रोवायचे होते म्हणून कलम 10 केलं, की कुणाच्याही जमिनीवरनं तार नेता येईल, शक्य तितकं कमी नुकसान करायचं आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई द्यायची. मालकानं अडवलं तर कलम 16, जिल्हाधिकारी परवानगीचा हुकूम काढतात. भरपाई कमी वाटली तर जिल्हा न्यायाधीशांकडं जायचं. 2003 च्या वीज कायद्यातलं कलम 164 हेच अधिकार टॉवरलाइनवाल्यांना द्यायची सोय करतं. देशातली तारसेवा 2013 च्या जुलैत बंद पडली. 2023 ला नवीन टेलिकॉम कायदा आला, त्यात 1885 चा कायदा रद्द करायची तरतूद आहे, पण जुन्यातला भाग तिसरा, म्हणजे नेमकी हीच कलमं, टॉवरलाइनसाठी तेवढी राखून ठेवली. तार गेली, तारेचा हक्क राहिला.

(पोकलेन. खड्डा. क्लोजअप मातीच्या थरांचा.)

हा शॉट जरा जास्त वेळ ठेवलाय, मुद्दाम. एका टॉवरला चार पाय, चार खड्डे, प्रत्येक साधारण 3 मीटर खोल. काळ्या मातीत फाउंडेशनचं डिझाइनच वेगळं असतं कारण ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून खड्डा मोठा, लोखंड जास्त, काँक्रीट जास्त. खड्ड्याच्या भिंतीकडं बघा. वर काळी, मग करडी, आणि पार खाली ही पिवळट चुनखडीची. पोकलेनवाला बकेट भरतो आणि बाजूला ओततो, भरतो आणि ओततो, त्याला थराशी काय करायचंय, त्याला संध्याकाळपर्यंत चार खड्डे करायचेत. परत बुजवताना जे खाली होतं ते वर येतं. दादा म्हणाले, वरची काळी वेगळी काढून ठेवा एवढंच म्हणत होतो, अर्ध्या तासाचं काम होतं. ठेवली असती तर ठेवली असती. असो.

मग स्टब, म्हणजे टॉवरच्या पायांचे खालचे लोखंडी तुकडे, बसवले, टेम्प्लेट म्हणजे साचा लावून, लेव्हलिंग मात्र अगदी डोळ्यांत तेल घालून, कारण खाली थोडं जरी चुकलं तर वर टॉवर कलतो. मिक्सर आला, खडी आली, सिमेंटच्या गोण्या. त्यासाठी बांध फोडून रस्ता केला, आणि त्याच रस्त्यानं पुढचे सगळे महिने ट्रॅक्टर, हायड्रा क्रेन, ट्रक. काँक्रीटला मारायला पाणी दादांच्याच बोअरचं.

(टॉवर उभारणी. टाइमलॅप्स. इथं म्युझिक.)

हे आमचं सगळ्यात आवडतं फुटेज आहे, खरं सांगतो. पहाटेपासनं संध्याकाळपर्यंत बांधावर कॅमेरा लावून ठेवला होता. आडवं पडलेलं लोखंड, प्रत्येक तुकड्यावर नंबर ठोकलेला, मेकॅनोच्या खेळासारखं. मधे डेरिक, म्हणजे लोखंडी खांब, त्याला पुली, दोर ट्रॅक्टरला बांधलेला. ट्रॅक्टर पुढं गेला की तुकडा वर जातो, वरची पोरं तो पकडतात, बोल्ट टाकतात. खाली मुकादम फक्त हातवारे करतो, शिट्टी मारतो. एक टप्पा झाला की डेरिकच वर सरकवायचा आणि त्याच्यावरनं पुढचा टप्पा. चुकून कुणी खाली पाना पाडला तर पुढची दहा मिनिटं बंगाली, हिंदी आणि मराठीत जे काही ऐकू आलं ते आम्ही म्यूट केलंय.

(20 सेकंद निवेदन नाही.)

आणि मग तारा. आधी बारीक पायलट वायर, ती माणसं आणि ट्रॅक्टर रानातनं ओढत नेतात, प्रत्येक टॉवरवर चढवतात, रोलरमधनं घालतात. मग एका टोकाला ओढणारं पुलर मशीन, दुसऱ्या टोकाला ताण धरणारा टेन्शनर, आणि पायलटला जोडून खरी तार निघते. ह्या तारेला मूस म्हणतात. आत स्टीलचे 7 पदर, बाहेर ॲल्युमिनियमचे 54, जाडी सव्वातीन सेंटिमीटरच्या आसपास, वजन मीटरला 2 किलो. दोन टॉवरमधे 400 मीटर अंतर धरलं तर एक तार 800 किलोची. आणि अशा 12 तारा, तीन फेज, प्रत्येक फेजला दोन, आणि दोन सर्किट. म्हणजे जवळजवळ 10 टन धातू दोन टॉवरच्या मधे लोंबकळतोय. टॉवरला लटकलेल्या, वीज टॉवरमधे उतरू न देणाऱ्या त्या चकत्यांच्या माळा दिसतात ना, 400 केव्हीला एका माळेत साधारण 23 चकत्या, चालत्या लाइनखाली उभं राहून माळेतल्या चकत्या मोजल्या तरी लाइन केवढी आहे कळतं, 220 ला त्या 14-15 भरतात.

आता इथं थांबा. आत्तापर्यंतचा सगळा व्हिडिओ टॉवरवर गेला ना? आमचा कॅमेरा पण टॉवरकडंच बघत राहिला, उंच आहे, चमकतो, छान दिसतो. गावातली भांडणं पण टॉवरवर, माझ्या रानात टॉवर का, शेजाऱ्याच्या का नाही. मोबदल्याची बोलणी पण टॉवरवर.

(ड्रोन, सरळ वरनं खाली. स्क्रीनवर पिवळा पट्टा काढायचा.)

हा बघा पट्टा. 400 केव्ही लाइनचा कॉरिडॉर 46 मीटर रुंद, मधल्या रेषेपासनं दोन्हीकडं 23. ह्या पट्ट्यात पीक घ्या, पण घर बांधायचं नाही, आंबा, चिंच, नारळ वाढू द्यायचा नाही. आता जरा कागद-पेन घ्या. समजा लाइन एखाद्याच्या रानातनं 200 मीटर जाते. 200 गुणिले 46, म्हणजे 9200 चौरस मीटर, सव्वादोन एकर. आणि टॉवरची जागा, चार पायांच्या आतली आणि बाजूची थोडी धरून, समजा 2 गुंठे. फक्त हिशोबासाठी रेडी रेकनरचा, म्हणजे जमिनीचा सरकारी भाव एकरी 4 लाख धरू.

केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयानं ऑक्टोबर 2015 ला पहिल्यांदा सांगितलं की पीक आणि झाडांच्या नुकसानीशिवाय टॉवरच्या जागेच्या किमतीचे 85 टक्के द्या आणि तारेखालच्या पट्ट्याच्या किमतीचे जास्तीत जास्त 15. जून 2024 ला ते बदलून टॉवरला 200 टक्के आणि पट्ट्याला 30 केलं. मार्च 2025 ला पट्ट्याच्या टक्क्यांत शहरांसाठी आणखी वाढ, 45 आणि 60, गावाकडं 30 च. आणि ह्या केंद्राच्या सूचना आहेत, राज्यानं स्वीकारायच्या असतात. आता लावा हिशोब. 2 गुंठ्यांची किंमत 20 हजार, दुप्पट केली तर 40 हजार. पट्ट्याची किंमत 9 लाख, त्याचे 30 टक्के म्हणजे 2 लाख 70 हजार. 200 टक्के कानाला किती मोठं वाटतं आणि 30 किती किरकोळ. पण पैसा तारेखाली आहे. आणि ज्याच्या रानात टॉवरच नाही, नुसत्या तारा गेल्यात, त्याला कुणी सांगितलंच नाही तर त्याला वाटतं आपलं काय गेलं, वरनंच तर जाते.

दादांच्या चुलतभावाचं तेच झालं. टॉवर दादांच्या रानात, तारा त्यांच्या. पंचनामा झाला तो तुटलेल्या ज्वारीचा आणि एका चिंचेचा, सही केली, त्या कागदावर पट्ट्याचा आकडाच नव्हता. कागदाचा फोटो दाखवतोय, नावं झाकून. सही करताना असा कागद आला तर आधी एवढंच बघा, पट्ट्याचं क्षेत्र किती लिहिलंय, आणि मोजणीची नक्कल मागून घ्या.

बाकीचं पटकन सांगतो. तारेखाली बोअर मारायला गाडी यायला तयार नाही, तिचा डोलाराच उंच. ऊस लावला तर पाचट पेटवायचं नाही, धुरानं आणि जाळानं लाइन ट्रिप होते. द्राक्षाच्या मांडवाची तार नीट अर्थिंग केली नसेल तर हाताला चुणचुण लागते. प्लॉट पाडून विकायचं म्हणलं तर गिऱ्हाईक आधी वर बघतं. पावसाळी हवेत रात्रभर वरनं चरचर आवाज येतो, तो आम्ही रेकॉर्ड केलाय, हेडफोन लावून ऐका.

(रात्र. तारेचा आवाज. लांब एक बॅटरी हलतेय.)

ती बॅटरी दादांची. ह्या आठवड्यात शेतीच्या लाइटची पाळी रात्रीची आहे, मोटर चालू करायला निघालेत, हरभऱ्याला पाणी द्यायचंय. टॉवरच्या खालनंच जातात, जवळचा रस्ता तोच.

(शेवटचा शॉट. सप्टेंबरची अखेर, वाफसा आलाय, पेरणी.)

ट्रॅक्टरमागं पेरणीयंत्र. सरळ ओळ येते, टॉवरपाशी आली की यंत्र उचललं, वळसा घातला, पलीकडं परत टेकवलं. मधे राहिलेल्या जागेत यंत्र जात नाही, तिथं वहिनी खुरपं घेऊन बसल्यात, हातानं टोकतायत. ती पिवळट माती आहे ना खालनं वर आलेली, त्यात बोट घालून बी टाकतायत. मागच्या वर्षी तिथं गुडघ्याएवढी पण ज्वारी आली नव्हती म्हणाल्या, यंदा शेणखताच्या चार पाट्या टाकल्यात.

(वहिनी उठतात, बियांची पिशवी झटकतात. आवाज फक्त खुरप्याचा. कट.)