न विनवणारी नायिका : क्रिस्टिन स्कॉट थॉमस

मंडळी, युद्धकाळातल्या प्रेमकथेत नायिकेच्या वाट्याला बहुधा दोनच कामं येतात. निरोप द्यायचा आणि वाट पाहायची. १९९६च्या ‘द इंग्लिश पेशंट’मधली कॅथरीन क्लिफ्टनही शेवटी गुहेत वाटच पाहते. पण तोवर ही भूमिका करणाऱ्या ब्रिटिश अभिनेत्री क्रिस्टिन स्कॉट थॉमसनं तिला इतकं तल्लख, इतकं हजरजबाबी करून ठेवलेलं असतं, की तिचं गप्प होणं आपल्याला सोसवत नाही.

ही भूमिका तिच्याकडे चालत आली नाही. लंडनच्या नाट्यशाळेत तिला ‘अभिनय तुझा प्रांत नाही’ अशा अर्थाचं ऐकवलं गेलं होतं. एकोणिसाव्या वर्षी ती पॅरिसला गेली, लोकांची मुलं सांभाळली आणि तिथंच फ्रेंचमधून अभिनय शिकली. पहिला मोठा चित्रपट १९८६चा, प्रिन्स या गायकाबरोबरचा. तो सपशेल पडला. १९९४च्या ‘फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरल’नं तिला बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळवून दिला आणि पुढं तिनं दिग्दर्शक अँथनी मिंगेला यांना पत्र लिहून कॅथरीन मागितली. स्टुडिओला अधिक नावाजलेली नटी हवी होती. मिंगेला हटले नाहीत, स्टुडिओ बाहेर पडला, पैसे दुसरीकडून उभे करावे लागले.

आता भूमिकेकडे येऊ. कॅथरीन वाळवंटात येते ती नवऱ्याच्या विमानातून, आणि आल्या आल्या कथेचा नायक, वाळवंटाचा संशोधक आल्माशी याच्या लेखनातल्या विशेषणांच्या टंचाईचा विषय काढते. म्हणजे पहिल्याच भेटीत ती त्याची वाचक आहे. शेकोटीभोवती ती हिरोडोटस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराच्या ग्रंथातली कँडॉलीस राजाची गोष्ट सांगते. आपल्या राणीचं रूप दुसऱ्याला चोरून दाखवणारा तो राजा! नवरा शेजारी बसलेला, आल्माशी अंधारातून बघतोय. क्रिस्टिन इथं एकही सूचक कटाक्ष टाकत नाही. गोष्ट सांगणाऱ्याच्या सरळ, स्वच्छ आवाजात बोलते, आणि त्या सरळपणामुळंच आपल्याला कळतं की आता काही धडगत नाही. मला विचाराल तर साऱ्या प्रणयदृश्यांपेक्षा हा प्रसंग जास्त धीट आहे.

संबंध तोडतानाही ती विनवत नाही. शांतपणे निर्णय सांगते, वळते आणि तिचं डोकं खांबावर आपटतं. तोल गेलाय तो एवढ्यातच दिसतो.

युद्ध या कथेत शिरतं ते नावातून. विमान कोसळून जखमी झालेल्या कॅथरीनला गुहेत ठेवून आल्माशी तीन दिवस चालत ब्रिटिशांकडे पोहोचतो, आणि परकं नाव ऐकून ते त्यालाच बेड्या घालतात. खरा लास्लो आल्माशी हा हंगेरियन संशोधक. त्यानं १९४२मध्ये जर्मन हेरांना वाळवंटातून इजिप्तमध्ये पोहोचवलं होतं. ही प्रेमकहाणी मात्र मूळ कादंबरीचे लेखक मायकेल ओंडाची यांची कल्पना. क्रिस्टिनचे वडील आणि सावत्र वडील दोघेही नौदलाचे वैमानिक. ती लहान असतानाच दोघेही विमान अपघातांत गेले. विमान कोसळून उद्ध्वस्त होणाऱ्या बाईची भूमिका तिनं मागून घेतली, याची मी फार फोड करणार नाही. पण विसरताही येत नाही.

चित्रपटाला नऊ ऑस्कर मिळाली. तिला नामांकनावर थांबावं लागलं. त्यानंतर ‘थंड, खानदानी इंग्लिश बाई’ हा शिक्का बसला, तो तिनं फ्रेंचमधून पुसला. २००८च्या फ्रेंच दिग्दर्शक फिलिप क्लोदेल यांच्या चित्रपटात ती पंधरा वर्षांची शिक्षा भोगून सुटलेली झुलिएट आहे. चेहऱ्यावर रंग नाही, अंगावर चांगला कपडा नाही. त्याच वर्षी चेखॉवच्या ‘द सीगल’ नाटकातल्या आर्कादिनाच्या भूमिकेसाठी तिला ब्रिटिश रंगभूमीचा ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला. २०१७मध्ये ती पुन्हा युद्धकाळात गेली, चर्चिलची पत्नी क्लेमंटाइन म्हणून. तिथं तिला नवऱ्याला सावरण्यापलीकडे फारसं काम दिलेलं नाही. तिच्या तोंडी एखादी हिरोडोटसची गोष्ट द्यायला हवी होती, असं मला तो चित्रपट बघताना सारखं वाटत राहिलं.