कापणं आपलं, सांधणं पेशीचं

क्रिस्परवर, म्हणजे सजीवांच्या डीएनएत हवा तिथं बदल करण्याच्या तंत्रावर, बोलायचं म्हटलं की पडद्यावर कात्रीचं चित्र येतं. मीही पूर्वी तेच दाखवायचो, हल्ली दाखवत नाही. कात्री पाहिली की वाटतं, चुकीचा तुकडा काढला, बरोबर लावला, झालं! खरं म्हणजे आपण नुसतं कापतो. सांधते ती पेशी, आणि तीही तिच्या मर्जीनं.

क्रिस्परमधली कापणारी कात्री म्हणजे कॅस-९, हे मुळात जिवाणूंचं प्रथिन. हल्ला करणाऱ्या विषाणूचा डीएनए ओळखून तोडायचा, हे त्याचं काम. त्याच्यासोबत आरएनएचा, म्हणजे डीएनएसारख्याच रासायनिक अक्षरांच्या साखळीचा, तुकडा असतो. त्यातली वीसेक अक्षरं जिथं जुळतील तिथं ते डीएनएचे दोन्ही धागे तोडतं. हा आरएनए आपल्याला हवा तसा लिहिता येतो, हे जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंतिये यांनी २०१२ साली दाखवलं आणि २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. झिंक फिंगर आणि टॅलेन ही डीएनए कापणारी साधनं आधीही होती, पण दर नव्या जागेसाठी नवं प्रथिन घडवत बसावं लागायचं.

आता तुटलेल्या जागेकडे बघा. पेशीला घाई असते. ती टोकं कशीबशी जोडते. त्यात दोन-चार अक्षरं गळतात, कधी जास्तीची घुसतात. एखादं जनुक बंद पाडायचं असेल तर हा गबाळेपणा पथ्यावरच पडतो. सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरचं कॅसजेव्ही हे क्रिस्पर वापरणारं औषध ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झालं. आजाराचं मूळ एका अक्षरात आहे, ‘ए’च्या जागी ‘टी’. गंमत अशी, की हे औषध त्या अक्षराला हातच लावत नाही! गर्भात असताना आपलं हिमोग्लोबिन वेगळं असतं. जन्मानंतर ते दाबून टाकणारं एक जनुक आहे, बीसीएल११ए. रक्ताच्या मूळपेशी बाहेर काढून त्यांच्यात या जनुकाचा स्विच मोडतात, आणि गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागतं. मात्र पेशी परत घालण्याआधी रुग्णाला जबर केमोथेरपी सोसावी लागते. ते विसरू नका.

पेशीच्या मर्जीवर विसंबलं तर काय होतं, हे २०१८ मध्ये चीनमध्ये दिसलं. ह च्यानख्वे या शास्त्रज्ञानं भ्रूणांतलं सीसीआर५ जनुक बदलून जुळ्या मुली जन्माला घातल्या. काही माणसांत निसर्गतःच या जनुकातली ३२ अक्षरं गळालेली असतात आणि त्यांना एचआयव्हीपासून बरंच संरक्षण मिळतं. तसाच परिणाम साधायचा होता; मुलींमध्ये मात्र भलतेच बदल निघाले. ह यांना तुरुंगवास झाला. माझ्या मते तो प्रयोग नीतीच्या आधी विज्ञानातच नापास होता.

म्हणून पुढची साधनं दोन्ही धागे तोडायचंच टाळतात. अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड लिऊ यांच्या प्रयोगशाळेनं २०१६ मध्ये बेस एडिटिंग आणलं: कॅस-९ अर्धवट लुळं करायचं आणि त्याला एक विकर (एन्झाइम) जोडायचं, जे जागच्या जागी ‘सी’चं ‘टी’ करतं. पुढच्या वर्षी ‘ए’चं ‘जी’ करणारंही आलं. सिकल सेलमधल्या ‘टी’चं ‘ए’ याला जमत नाही. पण समोरच्या धाग्यावरून त्या ‘टी’चं ‘सी’ करता येतं, आणि जे हिमोग्लोबिन मिळतं ते काही निरोगी माणसांत आधीच सापडलेलं आहे, मकासर नावाचं. २०१९ च्या प्राइम एडिटिंगला कुठलंही अक्षर बदलता येतं, पण ते यंत्र आकारानं अवजड आहे.

आणि घोडं पेंड खातं ते इथंच. हे सगळं पेशीत पोचवायचं कसं? स्निग्ध पदार्थांचे सूक्ष्म कण रक्तात सोडले की बहुतेक यकृतात जातात, म्हणून यकृताचे आजार आधी हाती लागले. २०२५ मध्ये अमेरिकेत शरीरातला अमोनिया काढू न शकणाऱ्या एका तान्ह्या बाळासाठी, केवळ त्याच्याच दोषावरचा बेस एडिटर सुमारे सहा महिन्यांत तयार करून दिला गेला. यकृतातल्या किती पेशी दुरुस्त झाल्या, ते कळायला यकृताचा तुकडा काढावा लागला असता. डॉक्टरांनी तो धोका पत्करला नाही. बाळाला आता पूर्वीपेक्षा जास्त प्रथिनं चालतात आणि औषध कमी लागतं, एवढ्यावरूनच त्यांना अंदाज बांधावा लागला.