एक कप मैदा म्हणजे नक्की किती ग्रॅम?

नमस्कार मंडळी! हा २४० मिलीचा मापाचा कप. रिकामा काट्यावर ठेवला, काटा शून्य केला. आता चमच्या-चमच्याने हलक्या हाताने मैदा भरतेय... सुरीच्या पाठीने वरचा सपाट केला. बघा, १२३ ग्रॅम.

आता कप रिकामा करून सरळ डब्यात खुपसते. तसाच भरून वर काढला, तसाच सपाट केला. आता? १४८!

कप तोच, मैदा तोच, आणि फरक २५ ग्रॅमचा. तीन कपांची कृती असेल तर ७५ ग्रॅम, म्हणजे अर्ध्या कपाहून जास्त मैदा नकळत वाढला. केक कोरडा होतो, कणीक घट्ट होते, आणि आपण दोष देतो ओव्हनला.

हे होतं हवेमुळे. पिठाचे कण बारीक असतात, त्यांच्यामध्ये हवा अडकते. चाळलं की हवा वाढते, दाबलं की निघून जाते. म्हणून मैद्याला एकच ठाम आकडा कुणी देऊच शकत नाही. तक्त्यांमध्ये १२० ते १२५ दिसतं, ते हलक्या हाताने भरलेल्या कपाचं.

साखरेचं तसं नाही. साध्या दाणेदार साखरेचा हा कप कसाही भरा, २०० ग्रॅमच्या आसपासच येतो. गंमत म्हणजे त्यातही जवळजवळ निम्मी हवाच आहे! साखरेचा अख्खा ठोकळा या कपात बसवला असता तर तो ३८० ग्रॅमचा भरला असता. पण दाणे कडक, दाबले तरी जवळ सरकत नाहीत, म्हणून आकडा हलत नाही.

मिठाकडे मात्र नीट लक्ष द्या. बारीक मिठाचा सपाट छोटा चमचा, ५ मिलीचा, साधारण ६ ग्रॅम. पापुद्र्यासारखं जाडं मीठ घेतलं तर तोच चमचा निम्म्यावर येऊ शकतो. मीठ बदललं की चमच्याचं माप विसरा, ग्रॅम धरा.

आता तुमचा कप. अमेरिकन कृतीतला कप साधारण २४० मिली, ऑस्ट्रेलियातला २५०, जपानमधला २००. तुमच्याकडचा किती, हे पाणी सांगेल. काठोकाठ पाणी भरा, वजन करा. १ मिली पाणी म्हणजे जवळपास १ ग्रॅम, त्यामुळे जेवढे ग्रॅम तेवढे मिली.

मग गुणाकार. हलका भरलेला मैदा मिलीला ०.५२ ग्रॅम, साखर ०.८३. कप २०० मिलीचा निघाला तर मैदा १०४, साखर १६६. पण माझं ऐकाल तर माझे आकडेही उतरवून घेऊ नका. तुमच्या डब्यातलं पीठ, तुमच्या हाताने भरून, एकदा काट्यावर ठेवा आणि तो आकडा वहीत लिहा. कृतीतच ग्रॅम दिले असतील तर प्रश्नच मिटला, तेच वापरा.

फक्त बेकिंग पावडर, सोडा यांच्यासाठी चमचाच बरा. घरातला काटा बहुधा एकेक ग्रॅमने पुढे सरकतो, ३ ग्रॅम मोजताना एक ग्रॅम चुकला तर तिसरा हिस्सा चुकला. अगदी वजनच हवं असेल तर दहा सपाट चमचे एकत्र मोजा आणि दहाने भागा.