मोगऱ्याचा चहा: वास पानातला की बाटलीतला?

(दृश्य: जांभळी नाका, फुलबाजार)

ठाण्याचा जांभळी नाका. परातीत मोगऱ्याच्या कळ्यांचे ढीग, गजऱ्यासाठी घेतात त्याच या कळ्या. जॅस्मिन टीला वास देणारं फूलही हेच, जॅस्मिनम सॅम्बॅक. चीनमध्ये फुजियान आणि ग्वांगशीत हिरवा चहा रात्रभर या फुलांत मुरवतात. चहाचं कोरडं पान शेजारचा वास ओढून घेतं, आणि दमटपणाही. सगळी करामत या एका गुणावर उभी आहे.

(दृश्य: परात, कळ्या, चहाची पानं)

हे घरीही जमतं. शंभर ग्रॅम दळदार हिरवा चहा घ्या, भुकटी नको. कळ्या साठ-सत्तर ग्रॅम, टपोऱ्या, पांढऱ्या, पण अजून मिटलेल्या. हिरवट कळी उमलतच नाही, आणि उमललेल्या फुलाने निम्मा वास आधीच उधळलेला असतो. बाजारात कळ्या टवटवीत दिसाव्यात म्हणून त्यांवर पाणी मारतात. ती ओल चहात उतरली की सकाळी कुबट वास येतो, म्हणून कळ्या आधी सुती कापडावर पसरून कोरड्या करायच्या. विकतच्या फुलांवर कीटकनाशकाची फवारणी झालेली असू शकते; प्यायच्या चहाला कुंडीतला मोगरा बरा.

(दृश्य: रात्र, उमलणाऱ्या कळ्या)

दुपारी खुडलेली कळी रात्री आठ-नऊच्या सुमारास तोंड उघडते. तेव्हा थर लावायचे: चहा, कळ्या, पुन्हा चहा. वरून कापड. घट्ट झाकण ठेवलं तर आत घाम धरतो. चार-पाच तासांनी एकदा हाताने वरखाली करायचं. कारखान्यात मोठा ढीग आतून तापतो आणि वेळेवर उलटला नाही तर फुलं शिजतात. घरच्या परातीत तेवढी ऊब होत नाही, पण ओल तळाशी साचते.

(दृश्य: सकाळ, चाळणी)

सकाळी फुलं मलूल, तांबूस झालेली असतात. ती चाळून काढायची, एकही ठेवायची नाही. डब्यातल्या चहात दिसणाऱ्या पाकळ्या बहुतेक शोभेच्या असतात. वास देऊन संपलेलं फूल कपात कडूपणा तेवढा सोडतं. आता पान नरम पडलंय. ओव्हनमध्ये साठ-सत्तर अंशांवर, देठ कट्कन मोडेपर्यंत सुकवा. कढईत भाजलं तर रात्रभराची कमाई धुरात जाते, आणि सुकवलंच नाही तर बुरशी. पुढच्या रात्री ताज्या कळ्या आणि पुन्हा तेच. एका रात्रीत वास पानाला नुसता शिवतो; तीन रात्रींनी तो टिकतो.

(दृश्य: टेबलावर दोन पांढरे कप)

डावीकडे हा चहा. उजवीकडे फिरत्या पिंपात वरून सुगंध फवारलेला.

चहा चाखण्याच्या आयएसओ ३१०३ या आंतरराष्ट्रीय मानकात १०० मिलिलिटरला २ ग्रॅम पान, उकळतं पाणी आणि ६ मिनिटं सांगितली आहेत. ती पद्धत पानाचे दोष उघडे पाडायला चांगली. प्यायचा असेल तर पाणी ८० अंश आणि अडीच मिनिटं. हिरव्या पानावर उकळतं पाणी पडलं की कडू-तुरट द्रव्यं भराभर उतरतात आणि मोगरा त्याखाली दबतो. थर्मामीटर नसेल तर पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओता, दर वेळी ते साधारण दहा अंशांनी उतरतं.

आधी कोरडं पान हुंगा, मग झाकणाखालचं ओलं. नंतर फुरका. इथे फुरका मारायचाच. घोटाबरोबर हवा आत जाते आणि वास टाळूमागून नाकात चढतो.

फवारलेला चहा डबा उघडताच खोली भरून टाकतो, आणि कपात मागे पडतो. खरी परीक्षा दुसऱ्या पाण्याची. त्याच पानावर पुन्हा पाणी घाला: उजवीकडचा बहुतेक वेळा साधा चहा उरतो, डावीकडे मोगरा अजून रेंगाळतो.

तरी फवारणं म्हणजे फसवणूक असं नाही. अर्ल ग्रे हा सुगंधी काळा चहा तसाच बनतो, इटलीच्या कॅलाब्रियातल्या बर्गमॉट या लिंबाच्या जातीच्या फळाच्या सालीचं तेल लावून. तेल सालीचं आहे की कृत्रिम, ते पुड्यावरच्या घटकांच्या यादीत वाचा. दाट वासाखाली शिळं पानही खपून जातं.

(दृश्य: वाशी, मसाला बाजार)

वेलचीच्या चहासाठी वेलची इथूनच, अख्खी. पूड लवकर उडते. दोन कपांना एक वेलची सालीसकट ठेचून पाण्यात दोन मिनिटं उकळा, गॅस बंद करा, मगच दळदार काळा चहा घालून चार मिनिटं झाका. या चहात दूध चालतं, कारण दुधातलं केसीन हे प्रथिन तुरटपणा बांधून ठेवतं. मोगऱ्याच्या चहात मात्र ते वासावरही पडदा टाकतं.

(दृश्य: खिडकीबाहेर पाऊस, पत्र्याचे डबे)

ठाण्याच्या पावसाळ्यात पान उघडं राहिलं की नरम पडतं. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा हवा, मसाल्याच्या डब्यापासून आणि उदबत्तीपासून लांब. फ्रीजमध्ये नको, बाहेर काढताच पानावर दव धरतं. डब्यावर उघडल्याची तारीख लिहा आणि अर्ल ग्रे आधी संपवा, लिंबाच्या जातीचा वास सगळ्यांत लवकर उडतो.