सिझर ठरलंय? मग भूलतज्ज्ञांना आधी भेटा

नमस्कार! सिझरची तारीख मिळाली की घरचे बॅग भरायला लागतात आणि तुम्हाला टाक्यांची धास्ती लागते. आज बोलूया एका वेगळ्याच गोष्टीवर. टेबलावर असतानाच बाळ छातीशी घ्यायचं, तर हात मोकळा कसा ठेवायचा?

हसू नका. पाठीत इंजेक्शन देऊन भूल दिली की तुम्ही पूर्ण जाग्या असता. पण एका हाताला सलाईन, दुसऱ्या दंडाला बीपीचा पट्टा, बोटाला क्लिप, छातीवर ईसीजीचे पॅच. बाळ ठेवणार कुठे? तर सलाईन डाव्या हाताला लावायचं (तुम्ही डावऱ्या असाल तर उजव्या), पॅच कडेला सरकवायचे आणि गाऊन पुढून उघडणारा घालायचा. झालं! यातलं बरंचसं भूलतज्ज्ञांच्या हातात असतं आणि नेमकं त्यांच्याशीच आपण आधी बोलत नाही.

लंडनच्या काही डॉक्टरांनी २००८ मध्ये 'नॅचरल सिझेरियन'ची पद्धत लिहून काढली. त्यात बाळाचं डोकं बाहेर आलं की सर्जन जरा थांबतात. धड अजून गर्भाशयातच, नाळही चालू. गर्भाशयाच्या दाबाने फुप्फुसातलं पाणी निघायला मदत होते, बाळ श्वास घ्यायला लागतं, मग हळूहळू खांदे सुटतात. आईच्या छातीपाशी लावलेला पडदा तेवढ्यापुरता खाली घेतात, म्हणजे आईला ते बघता येतं. नाळ कापायचीही घाई नाही. आई-बाळ ठीक असतील तर किमान १ मिनिट थांबा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि ते सिझरलाही लागू आहे.

नवरा किंवा सोबतचं माणूस तुमच्या डोक्याशी बसतं. त्यांनी काहीतरी खाऊन यावं, आत चक्कर आली तर पंचाईत! भुलेनंतर तुम्हाला थरथर किंवा मळमळ होऊ शकते. मग बाळ त्यांच्या उघड्या छातीवर द्यायचं, हे आधीच ठरवून ठेवा. ऑपरेशन थिएटर थंड असतं, त्यामुळे बाळाला कोरडं पुसून, टोपी घालून, वर गरम कापड हवंच.

घाईचं सिझर असेल, पूर्ण भूल द्यावी लागली किंवा बाळाला श्वासाचा त्रास झाला, तर हे सगळं बाजूला. तिथे हट्ट नको.

आणि डॉक्टर म्हणाले, 'आमच्याकडे असं करत नाहीत', तर लगेच गप्प बसू नका. विचारा, बाळाची तपासणी माझ्यासमोर होईल का? वजन नंतर केलं तर चालेल? टाके घालताना बाळ माझ्या गालाशी धराल का?