गरबा संपला, घड्याळ मैदानातच राहिलं

[कुंडीतली लाजाळू, जवळून]

नमस्कार मंडळी! ही आमच्या बडोद्यातल्या, दांडिया बाजारातल्या घराच्या गॅलरीतली लाजाळू. दिवेलागण झाली आणि हात न लावताच पानं मिटली, बघा. आजी म्हणायची, "झाड झोपलंय, आता त्याला हात लावू नकोस."

1729 साली द मेरां नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने असंच एक झाड अंधारात ठेवलं. ऊन दिसत नव्हतं, तरी पानं दिवसा उघडायची आणि रात्री मिटायची. घड्याळ झाडाच्या आतच होतं!

आपल्यातही ते आहे. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या अगदी वर पेशींचे दोन इवलेसे पुंजके आहेत. मिळून साधारण 20,000 पेशी. प्रत्येकीत एक प्रथिन तयार होत जातं, पुरेसं साठलं की स्वतःचीच निर्मिती थांबवतं, मग विरतं, आणि पुन्हा पहिल्यापासून. एक फेरी साधारण 24 तासांची. केळ्यांवर बसते ना, त्या फळमाशीत हे उलगडलं. त्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना 2017 चं नोबेल मिळालं.

पण त्या 'साधारण'मध्येच सगळी गोम आहे. बहुतेकांचं घड्याळ 24 तासांपेक्षा थोडं जास्त घेतं, म्हणून ते रोज मिळवावं लागतं. ते काम उजेडाचं. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी खास उजेड मोजायला बसल्यात, निळसर उजेड तर त्यांना चटकन कळतो. अंधार पडला की मेलाटोनिन नावाचं संप्रेरक पाझरतं आणि शरीराची रात्र सुरू होते.

आता आपली नवरात्र आठवा. नऊ रात्री मैदानावर फ्लडलाइट, मग सेव-उसळ, दीडला घरी. घड्याळाला वाटतं, संध्याकाळ लांबली.

गेल्या दसऱ्यानंतर माझी भाची अकराला अंथरुणात जायची आणि दोनपर्यंत छताकडे बघत पडायची. त्यात किशोरवयात घड्याळ मुळातच उशिराचं. घरात सगळे तिला आळशी म्हणाले. मला फार वाईट वाटलं, कारण रात्री अकराला तिच्या मेंदूत आठच वाजलेले असायचे!

झोप ओढून आणता येत नाही, उठणं मात्र आपल्या हातात असतं. पण पहिल्याच दिवशी पाचला उठवू नका. शरीराची मध्यरात्र चालू असताना डोळ्यांत लख्ख उजेड गेला, तर घड्याळ आणखी मागे पडतं. आम्ही तिला सुट्टीत आधी नऊला उठवलं, मग आठला, मग सातला, आणि उठल्याउठल्या अर्धा तास कमाटी बागेत. आभाळ भरून आलेलं असलं तरी बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो. संध्याकाळी मात्र दिवे मंद.

पाचव्या रात्री तिची आई दिवा घालवायला गेली, तर पोरगी केव्हाच झोपली होती.